विश्लेषण : धातूच्या गंजावर ‘सेन्सर’ नजर कशी ठेवतात? दोनशे वर्षांपूर्वी हम्फ्री डेव्ही यांचा अचूक उपाय का फसला?

विमानाच्या पोटात, पुलाच्या काँक्रीटमध्ये आणि जमिनीखालच्या गॅसवाहिन्यांजवळ आज छोटे सेन्सर बसवले जातात. आतला धातू झिजतो आहे का आणि किती वेगाने, याची खबर ते देतात. या तंत्राची मुळे ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्ही यांच्या कामात आहेत. १८२४ मध्ये त्यांनी युद्धनौकांच्या तळाचे तांबे झिजण्यापासून वाचवले. रसायनशास्त्राच्या कसोटीवर तो उपाय खरा उतरला, पण वर्ष-दीड वर्षातच नौदलाला तो काढून टाकावा लागला. हे कसे घडले आणि आजच्या अभियंत्यांनी त्यातून काय घेतले, याविषयी...

हम्फ्री डेव्ही कोण होते?

डेव्ही यांचा जन्म १७ डिसेंबर १७७८ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधील पेन्झान्स या बंदराच्या गावी झाला. वडील लाकडावर कोरीवकाम करत. १७९४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा घरावर कर्ज होते आणि पाच भावंडांत हम्फ्री थोरले. दुसऱ्याच वर्षी ते गावातल्या एका शल्यविशारदाकडे उमेदवारी करू लागले. औषधे कुटता-कुटता त्यांना रसायनशास्त्राची गोडी लागली. विद्यापीठाचे तोंड त्यांनी विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही.

१७९८ मध्ये ते ब्रिस्टॉलला थॉमस बेडोझ यांच्या संस्थेत गेले. वायू हुंगवून आजार बरे करता येतील का, याचे प्रयोग तिथे चालत. डेव्ही यांनी नायट्रस ऑक्साइड म्हणजे ‘हसवणारा वायू’ स्वतः हुंगून पाहिला. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करायला तो उपयोगी पडेल, असे त्यांनी १८०० मध्ये लिहून ठेवले. डॉक्टरांनी ते मनावर घ्यायला आणखी चार दशके गेली.

१८०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने त्यांना बोलावून घेतले. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांची व्याख्याने ऐकायला लंडनमधील प्रतिष्ठित मंडळींची झुंबड उडू लागली.

विजेशी त्यांची गाठ कशी पडली?

इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये पहिला विद्युतघट जगासमोर ठेवला. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या आणि त्यांमध्ये खाऱ्या पाण्याने भिजवलेला कागद, अशी ती साधी रचना होती. चकत्यांची चळत जितकी उंच, तितका तिचा जोर अधिक.

या घटात वीज येते कुठून, हा प्रश्न डेव्ही यांनी धरून ठेवला. धातू आणि द्रव यांच्यातील रासायनिक क्रिया आणि वीज यांचे नाते अगदी जवळचे आहे, अशी मांडणी त्यांनी १८०६ च्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात केली. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू असतानाही या कामासाठी पॅरिसच्या विद्वानांनी त्यांना नेपोलियनच्या नावाचे पारितोषिक दिले.

मग त्यांनी उलटा प्रयोग केला. रासायनिक क्रियेतून वीज निघत असेल, तर विजेने पदार्थ फोडताही आले पाहिजेत. १८०७ मध्ये त्यांनी वितळवलेल्या पोटॅशमधून वीज सोडून पोटॅशियम मिळवले आणि काही दिवसांतच सोडियम. पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम आणि मॅग्नेशियम हे धातूही वेगळे केले.

गंजाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा : धातू झिजणे ही विजेची घटना आहे. धातूचा अणू आपले इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतो आणि ते इलेक्ट्रॉन धातूमधून दुसरीकडे वाहतात. इलेक्ट्रॉन हा शब्द डेव्ही यांच्या वेळी नव्हता. पण झिजणे आणि वीज वाहणे ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे त्यांना उमगले होते. वीज मोजता येते, म्हणून झीजही मोजता येते. आजचे बहुतेक गंज-सेन्सर याच वाक्यावर उभे आहेत.

खाणीतला दिवा ‘सेन्सर’ कसा ठरला?

१८१२ मध्ये उत्तर इंग्लंडमधील फेलिंग येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ जण मरण पावले. खाणीत साचणारा मिथेन वायू कामगारांच्या उघड्या दिव्यांमुळे पेट घेत असे. १८१५ मध्ये यावर उपाय शोधण्याचे काम डेव्ही यांच्याकडे आले. काही महिन्यांत त्यांनी दिव्याच्या ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळीची तार उष्णता शोषून घेते. त्यामुळे आतली ज्योत बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही.

या दिव्याचा दुसरा गुण अनेकदा विसरला जातो. हवेत मिथेन असला की ज्योतीवर निळसर टोपी दिसू लागते आणि वायू वाढला की टोपीही वाढते. प्राणवायू कमी झाला की ज्योत मंदावते. म्हणजे दिवा कामगाराचे रक्षण करत होताच, शिवाय त्याला खबरही देत होता. पुढे कित्येक दशके खाणीतले निरीक्षक वायू तपासायला असाच दिवा हाती घेऊन फिरत.

या दिव्याचे पेटंट डेव्ही यांनी घेतले नाही. मात्र त्याच्या मर्यादाही होत्या. उजेड कमी पडे, आणि जाळीची एखादी तार तुटली किंवा गंजून गेली तरी दिवा धोक्याचा होई.

१८१२ मध्ये ‘सर’ हा किताब, १८१८ मध्ये त्याहून मोठा बॅरोनेटचा मान आणि १८२० मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, असा त्यांचा चढता आलेख होता. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्याचा मुलगा ब्रिटिश विज्ञानाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला होता. नौदलाने प्रश्न आणला तो याच काळात.

नौदलाची अडचण काय होती?

त्या काळची जहाजे लाकडाची. समुद्रातला किडा त्यांचे तळ पोखरत असे. शिवाय तळाला शेवाळ आणि बार्नॅकल म्हणजे चुनखडी कवचाचे बारीक जीव चिकटत, त्यामुळे जहाजाचा वेग मंदावे. ब्रिटिश नौदलाने यावर तांब्याच्या पत्र्याचा उपाय शोधला. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला पहिल्यांदा तांबे मढवण्यात आले.

दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा तांबे चांगले होते, पण ज्या लोखंडी खिळ्यांचा तांब्याशी थेट संबंध आला होता, ते पार खाल्ले गेले होते. खिळ्यांच्या ज्या माथ्यांवर कागदाचा थर टिकून राहिला होता, ते मात्र शाबूत होते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातला एक स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो, याचा तो धडा होता. पुढे नौदलाने लोखंडी बोल्ट सोडून तांब्याच्या मिश्रधातूचे बोल्ट वापरायला सुरुवात केली आणि सगळा ताफा तांब्याने मढवला.

तांबेही अखेर झिजत होते. काही जहाजांवरचे पत्रे बराच काळ टिकत, तर काहींचे लवकर विरून जात. दोष अशुद्ध तांब्याचा असावा, असा समज होता. पत्रे बदलण्याचा खर्च मोठा होता आणि त्यासाठी जहाज गोदीत अडकून पडे. १८२३ मध्ये नौदलाने रॉयल सोसायटीकडे सल्ला मागितला आणि अध्यक्ष डेव्ही यांनी हे काम स्वतःकडे घेतले.

हा प्रश्न केवळ इंग्लंडच्या गोद्यांपुरता नव्हता. त्याच सुमारास मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर ब्रिटिश नौदलासाठी सागवानी युद्धनौका बांधत होते. १८२४ मध्येच ८४ तोफांची ‘एशिया’ मुंबईत पाण्यात उतरली.

डेव्ही यांनी कोणता उपाय शोधला?

ताक तांब्याच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक असते. कळकते म्हणजे भांड्यातले तांबे ताकात उतरते. जहाजाच्या तळाशी हेच होत होते, फक्त ताकाऐवजी समुद्राचे पाणी होते. त्या पाण्यात विरघळलेली हवा नसेल तर तांब्यावर फारसा परिणाम होत नाही, हेही डेव्ही यांनी प्रयोगाने पाहिले.

त्यांचा तर्क सरळ होता. तांबे पाण्यात उतरते ते विजेच्या एका विशिष्ट अवस्थेत असताना. ती अवस्था किंचित बदलली, म्हणजे तांबे थोडे ऋण केले, तर ते उतरणारच नाही. त्यासाठी तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा छोटा तुकडा जोडला की पुरे. तो तुकडा झिजेल आणि तांबे वाचेल. ‘अलार्म’च्या खिळ्यांना भोवलेला दोषच त्यांनी औषध म्हणून वापरला.

२२ जानेवारी १८२४ रोजी रॉयल सोसायटीत हा शोधनिबंध वाचला गेला. वाटाण्याएवढ्या जस्ताने किंवा छोट्या लोखंडी खिळ्याच्या टोकाने ४० ते ५० चौरस इंच तांबे सुरक्षित राहते, असे त्यात नोंदवले होते. मग नौदलाच्या गोद्यांमध्ये मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. वेगवेगळ्या आकाराचे तुकडे लावलेले तांब्याचे पत्रे समुद्रात सोडले जात आणि काही काळाने पुन्हा वजन करून झीज ठरवली जाई. संरक्षक धातूचे क्षेत्रफळ तांब्याच्या एक चाळीसांश ते एक दीडशांश असेल तर झीज शून्य. तुकडा त्याहून लहान, म्हणजे दोनशेव्या ते चारशेव्या भागाएवढा असेल तर तांबे थोडे झिजे. वापरासाठी बीड, म्हणजे ओतीव लोखंड, निवडले गेले. ते स्वस्त होते आणि टिकतही होते.

कोचीनमध्ये बांधलेली २८ तोफांची ‘समरंग’ ही युद्धनौका १८२४ च्या वसंतात गोदीत आली. तिच्या तळाला बिडाचे चार ठोकळे लावण्यात आले. त्यांचे क्षेत्रफळ तांब्याच्या सुमारे ऐंशीव्या भागाएवढे होते. त्यानंतर ती नोव्हा स्कॉशियाकडे रवाना झाली. डेव्ही यांना आता संशय उरला नव्हता. तांबे वाचत होते, आणि ते वजनावरून सिद्ध करता येत होते. नौदलानेही पुरेशी वाट न पाहता आपल्या जहाजांना असे ठोकळे बसवायला सुरुवात केली.

मग बिघडले कुठे?

गोदीत परतलेल्या जहाजांनी वेगळीच गोष्ट सांगितली. तांबे शाबूत होते, पण त्यावर शेवाळ आणि बार्नॅकल यांची दाट वस्ती झाली होती. तांब्याचा तळ आजवर स्वच्छ राहत होता तो तांबे पाण्यात थोडे थोडे कळकत असल्यामुळेच. ते विरघळलेले तांबे त्या जिवांना विषारी होते. डेव्ही यांनी तांब्याची झीज थांबवली आणि त्यासोबत विषही थांबवले.

भर म्हणून दुसरी गोष्टही घडत होती. संरक्षण फार जोरात असेल तर तांब्यावर समुद्राच्या पाण्यातल्या चुन्याचा आणि मॅग्नेशियमचा पांढरा थर बसे. शेवाळाला आणि शिंपल्यांना चिकटायला तो आयता ओटाच. हे डेव्ही यांच्याही लक्षात आले होते. लोखंड कमी लावले, तांबे किंचित झिजू दिले तर तळ स्वच्छ राहील, असा त्यांचा पुढचा विचार होता. पण ‘किंचित’ म्हणजे किती? बंदरात उभ्या जहाजाला वेगळे, वाऱ्यावर धावणाऱ्याला वेगळे, उष्ण समुद्रात वेगळे. शिवाय बिडाचा ठोकळा दिवसेंदिवस झिजून लहान होणार आणि गंजाने झाकलाही जाणार. प्रवासात पाण्याखाली काय चालले आहे, हे कळण्याचा मार्गच नव्हता. खाणीतला दिवा कामगाराशी ज्योतीच्या भाषेत बोलत होता. जहाजाच्या तळाशी बसवलेला बिडाचा ठोकळा मात्र मुका होता. जहाज गोदीत ओढून बाहेर काढेपर्यंत तो कुणाला काही सांगू शकत नव्हता.

१८२५ मध्ये नौदलाने प्रवासाला जाणाऱ्या जहाजांवरचे ठोकळे काढण्याचा आदेश दिला. बंदरात उभ्या जहाजांवर ते काही काळ राहिले, पुढे तेही गेले. वृत्तपत्रांनी आणि विरोधकांनी डेव्ही यांची खिल्ली उडवली.

डेव्ही यांची चूक नेमकी काय?

त्यांचे मोजमाप चुकले नव्हते. तांब्याचे वजन त्यांनी नीट केले होते आणि निष्कर्षही बरोबर काढला होता. नौदलाला मात्र तांबे हवे होते ते जहाज वेगाने धावावे म्हणून. तळ स्वच्छ राहतो का आणि वेग टिकतो का, हे त्या चाचण्यांच्या केंद्रस्थानी नव्हते. थोड्या महिन्यांच्या चाचण्यांवर विसंबून संपूर्ण ताफ्यावर प्रयोग झाला, हेही घाईचे होते.

अखेरची वर्षे कशी गेली?

या अपयशाचा घाव डेव्ही यांना खोल लागला. सहायकाबरोबरचे संबंधही आधीच ताणले होते. १८१३ मध्ये एका बुकबाइंडरच्या दुकानातला तरुण मायकेल फॅरेडे त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आणला होता. तोच आता स्वतंत्र संशोधक झाला होता. १८२४ च्या जानेवारीत फॅरेडे रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले, ते अध्यक्ष डेव्ही यांच्या विरोधाला न जुमानता. आणि त्याच वर्षी नौदलाच्या गोदीतल्या तांब्याच्या चाचण्यांसाठी डेव्ही यांच्या वतीने काम करणाऱ्यांत फॅरेडेही होते.

१८२६ च्या अखेरीस डेव्ही यांना पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडले आणि प्रकृतीसाठी युरोपात प्रवास सुरू केला. त्या काळात त्यांनी मासेमारीवर एक पुस्तक लिहिले आणि मृत्यू, श्रद्धा आणि विज्ञान यांच्यावरचे दुसरे. दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाले ते त्यांच्या मृत्यूनंतर. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. वय होते ५०. तिथेच त्यांचे दफन झाले.

उरलेला हिशेब कुणी पुरा केला?

तो केला फॅरेडे यांनी. १८३३-३४ मध्ये त्यांनी विद्युत-विघटनाचे नियम मांडले. जितकी वीज वाहिली, त्याच प्रमाणात धातू विरघळला किंवा जमा झाला, असा त्यांचा आशय आहे. डेव्ही यांना झीज ठरवण्यासाठी पत्रा समुद्रातून काढून तराजूत घालावा लागत होता. फॅरेडे यांच्या नियमाने धातू जागेवरच ठेवून, वाहणाऱ्या विजेवरून झीज काढण्याची सोय झाली.

एक उदाहरण पुरेसे आहे. लोखंडाच्या एक चौरस सेंटीमीटर पृष्ठभागातून एक मायक्रोअँपिअर, म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग, एवढा गंजाचा प्रवाह वर्षभर वाहिला तर सुमारे १२ मायक्रॉन धातू जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहापट प्रवाह असेल तर दरवर्षी दहावा हिस्सा मिलिमीटर. सेन्सरवर दिसणारा आकडा याच गणिताने झिजेत बदलतो.

डेव्ही यांचा उपायही पुन्हा उभा राहिला, तो लोखंडी जहाजे आणि पोलादी वाहिन्यांवर. १९२८ मध्ये अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे रॉबर्ट कून यांनी जमिनीखालच्या गॅसवाहिनीला बाहेरून वीज पुरवून तिचे संरक्षण केले. यालाच कॅथोडिक संरक्षण म्हणतात. कून यांनी त्यासोबत मोजण्याचा निकषही दिला : तांबे आणि मोरचूद यांच्या संदर्भ-इलेक्ट्रोडशी तुलना करता वाहिनीचा दाब उणे ०.८५ व्होल्ट असावा. हा आकडा आजही वापरात आहे. डेव्ही यांच्या उपायात नेमकी हीच जागा रिकामी होती. संरक्षण पुरेसे आहे की कमी, हे आता उकरून न पाहता कळू लागले.

आज गंज-सेन्सर कसे काम करतात?

प्रकार अनेक आहेत. पहिला डेव्ही यांच्या प्रयोगाचीच छोटी आवृत्ती आहे. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकांपासून थोड्या अंतरावर बसवतात. त्यांवर ओल आणि क्षार जमले की दोघांत वीज वाहू लागते. हवा किती गंजवणारी आहे, हे त्या प्रवाहावरून समजते.

दुसऱ्या प्रकारात धातूची पातळ तार किंवा पट्टी असते. ती झिजून बारीक झाली की तिचा विद्युतरोध वाढतो, आणि त्यावरून किती धातू गेला ते निघते. तिसऱ्यात धातूला १०-२० मिलिव्होल्टचा हलका धक्का देऊन किती वीज वाहते ते पाहतात. त्यावरून गंजाचा वेग काढण्याचे सूत्र १९५७ मध्ये मांडले गेले. चौथा प्रकार वाहिनीच्या भिंतीवर कायमचा बसवलेला अल्ट्रासाउंड सेन्सर. ध्वनिलहर आतल्या बाजूवर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून भिंतीची जाडी कळते.

विमानांत त्यांची गरज का?

२८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान हवाई बेटांवरील हिलोहून होनोलुलूला निघाले. सुमारे २४ हजार फूट उंचीवर त्याच्या पुढच्या भागाचे छत उडून गेले. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला आणि ६५ जण जखमी झाले. वैमानिकांनी विमान माउई बेटावर उतरवले. हे विमान १९ वर्षांचे होते आणि त्याची ८९,६८० उड्डाणे झाली होती. अमेरिकेच्या चौकशीत दिसले, की पत्र्यांच्या जोडांतील चिकट थर सुटला होता, तिथे ओल शिरून गंज लागला होता आणि रिव्हेटांच्या रांगेत भेगा पडल्या होत्या. देखभालीच्या तपासण्यांत हे नजरेतून सुटले होते.

विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियमचे मिश्रधातू, पोलादी आणि टायटॅनियमचे बोल्ट, कार्बन फायबर हे सारे एकत्र असते. त्यात ओल शिरली की ‘अलार्म’ जहाजावरचाच प्रसंग पुन्हा घडतो. स्वयंपाकघर आणि शौचालयाखालची जमीन, विमानाचा तळ, अशा जागा पॅनेल उघडल्याशिवाय दिसत नाहीत. तिथे आर्द्रता, तापमान आणि गंज नोंदवणारे सेन्सर बसवले तर कोणत्या विमानाची तपासणी आधी करायची, हे ठरवता येते. पॅनेल उघडून पाहणे त्यामुळे थांबत नाही. तपासणीची वेळ आणि जागा अधिक नेमकी होते.

पूल आणि वाहिन्यांचे काय?

ताज्या काँक्रीटमध्ये अल्कधर्म असतो, त्यामुळे आतल्या सळईवर एक बारीक संरक्षक पापुद्रा टिकतो. समुद्राच्या हवेतले मीठ किंवा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपला की तो पापुद्रा तुटतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. बाहेर भेग दिसते तेव्हा आत बरेच काही होऊन गेलेले असते. मुंबई आणि कोकणच्या खाऱ्या हवेत असे फुगलेले, पोपडे निघालेले काँक्रीट नेहमीच दिसते.

म्हणून काही पुलांत काँक्रीट ओततानाच वेगवेगळ्या खोलीवर पोलादी तुकडे शिडीसारखे बसवतात. सर्वात बाहेरचा तुकडा गंजू लागला, मग त्याच्या आतला, असे दिसले की मीठ मुख्य सळईकडे किती सरकले आहे, ते कळते. दुरुस्तीला अजून वेळ असतानाच सूचना मिळते. जुन्या बांधकामांवर बाहेरून संदर्भ-इलेक्ट्रोड टेकवून दाब मोजतात. तो उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानतात. भारतात अशा संशोधनाचे मोठे केंद्र तमिळनाडूत कारैकुडी येथे आहे. केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेची पायाभरणी तिथे १९४८ मध्ये झाली.

डेव्ही यांचा धडा आज कुठे दिसतो?

पहिला धडा ‘जास्त’चा आहे. कॅथोडिक संरक्षणाचा जोर गरजेपेक्षा वाढला तर वाहिनीवरचे लेपन सुटू शकते आणि अतिमजबूत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. म्हणून ‘किती’ हा प्रश्न सतत विचारत राहावा लागतो. आधुनिक जहाजांच्या तळाशी संदर्भ-इलेक्ट्रोड असतात. ते दाब मोजतात आणि नियंत्रक त्यानुसार वीज कमी-जास्त करतो. शेवाळ आणि बार्नॅकल रोखण्यासाठी जहाजाला वेगळा रंग दिला जातो, आणि त्यात आजही तांब्याचे संयुग वापरले जाते. डेव्ही यांच्या तांब्याकडून एकाच वेळी होणारी दोन कामे अशी वेगळी करण्यात आली आहेत.

दुसरा धडा ‘कुठे आणि काय’चा. सेन्सर आपल्या जागेपुरतेच बोलतो. ओल जिथे साचते तिथे तो नसेल, तर पडद्यावर सगळे ठीक दिसत राहील आणि शेजारचा जोड झिजत जाईल. आकडा बरोबर असणे आणि योग्य गोष्टीचा आकडा घेणे, यांतला फरक डेव्ही यांना फार महागात पडला. म्हणूनच सेन्सर बसवण्याआधी अभियंते दोन प्रश्नांची उत्तरे शोधतात : हा धातू कशासाठी आहे, आणि तो निकामी झाला तर आधी कुठून होईल?